बिशपची खुर्ची आमच्या घरी होती

अन्याय झाला तो माझ्या आईवर. १९९० साली, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या रविवारी, सकाळच्या दुसऱ्या मिस्सात, म्हणजे उपासनेत, शेवटच्या आशीर्वादाआधी सूचना वाचतात त्या वेळी. ती उजवीकडच्या बाकांवर बायकांमध्ये बसली होती. अंगावर काळी साडी, कारण पप्पांना जाऊन जेमतेम महिना होत आला होता. मी तिच्या शेजारी होते. तेव्हा मी शाळेत होते आणि त्याच वर्षी बिशपच्या हातून माझं दृढीकरण व्हायचं होतं.

पाण्याच्या मोर्चांची पत्रकं लिहून लिहून मला एक गोष्ट कळली. कुणावर अन्याय झाला आणि कधी, हे पहिल्या ओळीत आलं नाही तर लोक कागदाची पुडी करून त्यात शेंगदाणे खातात. म्हणून ते आधी सांगून टाकलं. नावं मात्र लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना नावांशिवायही कळेल, आणि ज्यांना कळणार नाही त्यांनी आपापल्या देवळातली नावं घालून वाचावं.

देऊळ म्हणजे चर्च. आम्ही गाववाले चर्चला देऊळच म्हणतो. आमचं गाव म्हणजे भाईंदर पूर्वेला, गोडदेव आणि खारीच्या अल्याडपल्याड बिल्डिंगांमध्ये चेपून उरलेली घरं, एक विहीर आणि चौथऱ्यावरचा एक क्रूस. देऊळ आधी लहान होतं. पत्रे गळायचे आणि वेदीमागच्या खोलीला धड कडी नव्हती. त्यामुळे देवळातल्या किमती वस्तू गावातल्या घरांत ठेवायची पद्धत पडली. एका घरात मिरवणुकीचं छत्र, एका घरात पितळी समया. गुड फ्रायडेला घंटा वाजवत नाहीत, तेव्हा वाजवायचा लाकडी खटखटा आमच्या शेजारच्या काकूकडे. आणि आमच्याकडे बिशपची खुर्ची.

खुर्ची म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येईल, तसली ती नाही. तिला पाठ नाही. सागवानाच्या दोन चौकटी एकमेकींत फुलीसारख्या अडकवलेल्या, मध्ये पितळेची खीळ, वरती बसायला ताणलेलं कातडं, आणि दोन्ही बाजूंना वर आलेले हात, टोकांना गोल मुठी. मिटली की चार बोटं जाडीची फळी होते, उघडली की खुर्ची. बिशप गावात आला की ती वेदीपुढे मांडायची. आधी तो तिच्यापुढे गुडघे टेकतो, कोपरं कातड्यावरच्या उशीवर ठेवतो, डोकं खाली घालतो आणि थोडा वेळ गप्प राहतो. मग खुर्ची लोकांकडे वळवतात आणि तो तिच्यावर बसतो. बाकी सगळं वर्ष ती आमच्या घरात, आईच्या लग्नातल्या पेटीमागे, पांढऱ्या चादरीत गुंडाळून भिंतीला टेकवलेली.

तिचे नियम होते. घरात ती उघडायची नाही. देवळात नेताना काखेत मारायची नाही, खांद्यावर घ्यायची, आणि पायांत चपला नकोत. बिशप उठून गेला की लगेच मिटायची. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी कातड्याला खोबरेल लावायचं, तेही घडी अर्धवटच उघडून. हे सगळं घरातल्या बाईचं काम. पप्पांच्या आईनं आईला शिकवलं, आई मला शिकवणार होती. शाळेतल्या पोरी चिडवायच्या, "तुमच्या घरी बिशप झोपायला येतो का गं?" मी म्हणायचे, "येतो, पण तुझ्यासारखा घोरत नाही."

आमच्या गावाच्या सणाला एकदा बिशप आला होता. तेव्हा मी खूप लहान होते आणि पुढच्या रांगेत आईच्या मांडीवर बसले होते. तो गुडघ्यावर गेला, कोपरं टेकली, तोंड हातांत घातलं. त्याची पाठ हलकी हलकी वरखाली होत होती. मी आईला विचारलं, "रडतोय काय?"

आई म्हणाली, "न्हाय गं. दम घेतोय. लांबशी आलाय."

पुढचं सगळं याच उत्तरातून निघालं.

पप्पा स्टीलची भांडी पॉलिश करणाऱ्या गाळ्यात कामाला होते. भाईंदर पूर्वेला असे गाळे गल्लीगल्लीत होते, अजून आहेत. आत चाकं फिरतात, चाकाला ताट लावायचं, ताट चकचकीत होतं आणि त्याची काळी भुकटी माणसावर बसते. गाळ्यातून सुटलेली माणसं कोण कुठली ते ओळखू यायचं नाही, सगळ्यांची तोंडं सारखीच. नाकाला फडकं बांधा म्हणून सांगायला कुणी नव्हतं, आणि बांधलं तर फडक्यातही तीच भुकटी. आमच्या घरात एकही स्टीलचं ताट चकचकीत नव्हतं. आई राखेनं घासायची आणि म्हणायची, एवढी चमक पुरे.

आधी खोकला आला. मग जिना नको झाला, मग विहिरीपर्यंतची चाल नको झाली. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, त्यात टीबी निघाला नाही. तरी टीबीच्या गोळ्या दिल्या, कारण दुसरं काय द्यायचं ते त्यांनाही सुचत नव्हतं. शेवटी शेवटी पप्पांना आडवं होता येईना. आडवे झाले की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. ते खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसत आणि पुढे वाकत. पुढे वाकलं की थोडी हवा आत जायची. पण माणूस दिवसभर कशाचाही आधार नसताना पुढे वाकून बसू शकत नाही. झोप लागली की तोल जायचा. आईनं पुढे उशा रचल्या, त्या सरकायच्या. शेजारून स्टूल आणलं, ते बुटकं. पाण्याचा पिंप उलटा ठेवून पाहिला, तो उंच, आणि त्याची कड छातीला लागायची. शिवणाच्या मशीनचं टेबल पाहिलं, ते हलायचं.

त्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तेव्हा पप्पा घामानं भिजलेले आणि ओठ निळे. आई त्यांचे दोन्ही खांदे धरून समोर उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिनं मला सांगितलं, "धर यांना." मी धरलं. ती आतल्या खोलीत गेली. पेटी सरकवल्याचा आवाज आला. मग चादरीचा. मग लाकडाचा, खट्.

ती उघडी खुर्ची घेऊन आली. मी उभ्या आयुष्यात ती घरात उघडी पाहिली नव्हती. तिनं ती पप्पांच्या गुडघ्यांपुढे ठेवली, कातड्यावर आपली उशी टाकली आणि पप्पांना हळूच पुढे वाकवलं. उशीवर छाती, उशीवर गाल, आणि दोन हातांत त्या दोन मुठी. खुर्ची हलली नाही. कातडं छातीच्या आकारानं खाली गेलं आणि तिथंच राहिलं. पप्पांनी श्वास घेतला. मग आणखी एक. थोड्या वेळानं ते डोळे न उघडता म्हणाले, "बिशप क्येलास काय मना?"

आई म्हणाली, "गप रावा. बिशप येवरा बोलत न्हाय."

कितीतरी दिवसांनी ते त्या दुपारी झोपले.

पुढे जितके दिवस ते होते तितके दिवस खुर्ची खाटेपुढे होती. आई रोज कातडं पुसायची. घामाचे डाग पडले, बामाचा वास बसला. कुणी भेटायला आलं की आई खुर्चीवर चादर टाकायची, पण चादरीखाली काय आहे ते गाववाल्यांना कळायचंच. कुणी काही बोललं नाही. खटख्यावाली काकू एकदा म्हणाली, "बरा केलास. देवाची वस्तू देवाच्या लेकराला." ते वाक्य मी लक्षात ठेवलंय, कारण पुढे तिनं वेगळं वाक्य म्हटलं.

पप्पा गेले ते एका सकाळी, त्याच खुर्चीवर वाकलेले, मुठी हातांत धरलेल्या. बोटं सोडवायला आईला वेळ लागला. मग तिनं खुर्ची मिटली, चादरीत गुंडाळली, पेटीमागे ठेवली आणि त्यानंतरच दार उघडून ओरडली.

आता ती चूक सांगते, जी फक्त माझी आईच करू शकली असती. ईस्टरनंतर बिशप दृढीकरणाला येणार हे ठरलं होतं. माझ्यासारख्या सगळ्या मुलामुलींच्या कपाळाला तो तेल लावणार होता, त्याच खुर्चीवर बसून. दुसरी कुठलीही बाई असती तर तिनं कातडं खसाखसा घासलं असतं, चार दिवस उन्हात ठेवलं असतं आणि गप्प बसली असती. आई फादरकडे गेली. पापकबुलीला नाही, दिवसाढवळ्या, ऑफिसच्या दारात उभी राहून, माझ्यासमोर. म्हणाली, "फादर, माजा घरवाला या खुर्चीवर टेकून म्येला. तेवरा पवित्र पानी शिंपरा तिच्यावर. बिशप बसायच्या पयले."

तिला काही चुकलंय असं वाटत नव्हतं. मेलेल्या माणसाच्या खाटेवर पाणी शिंपडतात, घरावर शिंपडतात, तसं खुर्चीवर शिंपडावं, एवढंच. फादर सौम्य होते. आईला म्हणाले, "हो बाई, करू." आणि संध्याकाळी त्यांनी ते कमिटीला सांगितलं.

कमिटी म्हणजे देवळाची नवी कमिटी. देऊळ मोठं झालं होतं. पूनम सागर वसाहतीकडून, रेल्वेच्या पलीकडून, नव्या बिल्डिंगांतून माणसं येऊ लागली होती, ऑफिसातली, इस्त्रीच्या कपड्यांतली. मला त्यांच्याबद्दल आकस नाही. आज माझ्याबरोबर पाण्यासाठी हंडे घेऊन बसतात त्यांतली निम्मी तीच आहेत. पण कमिटीचे अध्यक्ष मुंबईतल्या एका बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, आणि देवळाच्या वस्तू गावातल्या घरांत पेट्यांमागे राहतात हे त्यांना पहिल्या दिवसापासून खुपत होतं. त्यांना निमित्त हवं होतं. ते माझ्या आईनं पायी चालत जाऊन, हात जोडून दिलं.

त्या रविवारी अध्यक्षांनी माईक हातात घेतला. आधी हिंदीत, मग इंग्रजीत, मग तुटक मराठीत. सफाईची सूचना झाली, गाड्या कुठे लावायच्या ते झालं. मग ते म्हणाले की पवित्र वस्तू खाजगी घरांत ठेवण्याची जुनी प्रथा आता बंद होत आहे, कारण अलीकडेच एका घरात बिशप महोदयांच्या आसनाचा एका क्षयरोग्याच्या आजारपणात गैरवापर झाल्याचं उघडकीस आलं आहे.

एका घरात. नाव घेतलं नाही, म्हणून त्यांना वाटलं सभ्यपणा झाला. पण बिशपची खुर्ची कुणाच्या घरात होती हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. पुढच्या बाकावरच्या बायकांनी मागे वळून पाहिलं. मागच्या बाकावरचा एक माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला. क्षयरोग शब्द ऐकून. आईनं मान खाली घातली नाही. ती सरळ वेदीकडे बघत होती, फादरकडे. फादर पुस्तकाची पानं लावत होते.

आशीर्वाद झाला. सगळे बाहेर पडले. आई उठेना. मी म्हटलं, "आई, चल."

ती म्हणाली, "पानी शिंपरतील ना?"

त्याच दुपारी टेम्पो आला. कमिटीची तीन-चार माणसं, हातांत रुमाल. आमच्या घरात शिरताना एकानं रुमाल नाकाला लावला. पॉलिशच्या गाळ्यात एवढ्या वर्षांत कुणी पप्पांना नाकाला लावायला रुमाल दिला नव्हता. आईनं खुर्ची चादरीसकट आणून दिली. त्या माणसानं चादर काढून परत दिली आणि खुर्ची काखेत मारली. चपला घालून.

आई म्हणाली, "खांद्यावर घ्या, बाबा."

तो म्हणाला, "आंटी, टेम्पोतच टाकायचीय."

मग टेम्पो पुढच्या घरी गेला. छत्र गेलं. समया गेल्या. काकूचा खटखटा गेला. एका दुपारी गावातल्या सगळ्या घरांतून देऊळ उचलून नेलं. आणि मला वाटलं की आता गाव चिडेल, टेम्पोपुढे आडवं होईल. गाव चिडलं, पण आईवर.

काकू आमच्या दारात आली. तिच्या सासूच्या सासूच्या काळापासून तो खटखटा त्या घरात होता. गुड फ्रायडेला तो वाजवत गावातून फिरणं ही तिची वर्षातली एकुलती एक शान. ती म्हणाली, "तुज्या नवऱ्याला दम पायजे व्हता, तो मिलाला. आमचा कशाला ग्येला? तुना सांगाय कोनी बोलवला व्हता?"

आई म्हणाली, "खरा सांगितला."

"खरा सांगायला तू काय संत हायस?"

त्यानंतर आमच्या घरचा चहा कुणी पीत नव्हतं. कारणं दोन, आणि लोक सोयीनं एक किंवा दुसरं सांगत. कुणी म्हणे टीबी, कुणी म्हणे हिच्यामुळे देऊळ आपल्या हातातून गेलं. दवाखान्याचा कागद दाखवून मी शेजारणींना सांगत फिरले की टीबी नव्हता, भुकटी होती. त्या ऐकून घ्यायच्या आणि कप न उचलता उठायच्या.

दृढीकरणाच्या दिवशी आईनं मला पांढरा फ्रॉक घालून देवळाच्या दारापर्यंत आणलं. तिथं तिनं माझा हात माझ्या धर्ममातेच्या हातात दिला आणि म्हणाली, "मी हतंच हाय." इथंच आहे. बाहेर, क्रुसापाशी.

आत वेदीपुढे एक खुर्ची होती. लाल मखमल, सोनेरी नक्षी, उंच पाठ. लग्नात नवरानवरी बसतात ती. मंडपवाल्याकडून भाड्यानं आणलेली, सगळ्यांनी तिच्यासारख्या शंभर पाहिलेल्या. माझा नंबर आला. मी बिशपपुढे गुडघे टेकले. तो म्हातारा होता, प्रेमळ होता, त्याच्या अंगठ्याला तेलाचा गोड वास होता. त्याला काही माहीत नव्हतं, आणि त्याच्यावर माझा राग नाही. मी त्याच्या हाताखाली बघत होते. खुर्चीच्या हातावर मखमलीत हळदीच्या बोटांचे पिवळे ठसे होते. कुठल्यातरी लग्नातल्या नवरीचे. ते कुणाला खुपले नाहीत, आणि खुपायचं काही कारणही नव्हतं. हळद म्हणजे माणसाच्या आयुष्यातला चांगला दिवस. पण मग घाम काय होता? ज्या माणसानं अर्ध्या मुंबईची ताटं चमकवली त्याचा शेवटचा घाम, तो कुठल्या हिशोबानं गैरवापर झाला?

मिस्सा संपून बाहेर आले तेव्हा आई क्रुसाच्या चौथऱ्यावर बसली होती. तिनं माझ्या कपाळाला हात लावला, तेल आहे का बघायला. मग विचारलं, "कुठली खुर्ची व्हती?"

"लग्नाची," मी म्हटलं.

तेव्हापासून ती आत गेलेली नाही. दर रविवारी दुसऱ्या मिस्साला ती येते आणि क्रुसापाशी बसते. लाउडस्पीकरवर आतलं सगळं ऐकू येतं. ती गुडघे टेकते, उठते, बसते, प्रार्थनेची उत्तरं मोठ्यानं देते, एकटी. लोक बाहेर पडायच्या आधी निघून जाते. सुरुवातीला लोकांना विचित्र वाटायचं. आता सवय झाली. नवी मुलं तिला क्रुसवाली मावशी म्हणतात आणि तिला वाटतं प्रेमानं म्हणतात.

मी मोठी झाले. मिरा-भाईंदरमध्ये मोठं होणं म्हणजे पाण्याच्या टँकरमागे धावणं, आणि धावता धावता मी मोर्च्यात शिरले. पत्रकं लिहायला लागले, सायक्लोस्टाइलच्या शाईनं हात काळे करायला शिकले. एका मिटिंगला देवळाचा हॉल मिळाला. माईक बंद पडला म्हणून मी मागच्या अडगळीच्या खोलीत गेले. तिथं, फुटके पुतळे, झाडू आणि फिनेलचे डबे यांच्यामध्ये, ती होती. उघडी. तिच्यावर लाउडस्पीकरचा अँप्लिफायर ठेवलेला. कातडं मधोमध फाटून लोंबत होतं, पितळी खिळीला हिरवा गंज. तिला पाठ नव्हती म्हणून अँप्लिफायरच्या वायरी मागून सोयीच्या जात होत्या. एवढ्यासाठी तिला ठेवलं होतं.

क्रुसापाशी आईला रविवारी जे ऐकू येतं ते त्याच अँप्लिफायरमधून येतं. हे मला तिथं उभं राहून कळलं, आणि मी माईक न घेताच बाहेर आले.

घरी येऊन आईला सांगितलं. तिनं कातड्याचं विचारलं नाही, खिळीचं विचारलं नाही. विचारलं, "उगरी हाय का मिटलेली?"

"उघडी."

ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "कवापासून उगरी असल. कोनी बसत न्हाय आन् उगरी." आणि मग पुन्हा तेच. "पानी शिंपरला व्हता काय, इचारशील?"

मी विचारलं. तोवर फादर बदलले होते. नवे फादर तरुण, हसरे, मराठी चांगलं बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "जुनी गोष्ट आहे. तुमच्या आईंना कुणी अडवलंय का? दार उघडंच आहे. त्यांनी यावं."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय. अध्यक्षही तेच म्हणाले, आता काठी घेऊन चालतात, मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "बेटा, हमने किसी का नाम नहीं लिया था." काकूही तेच म्हणते, कोनी नको म्हटलंय का तिला? बरोबर आहे. कुणी नको म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर मी त्याविरुद्ध पत्रक काढलं असतं, दारात बसले असते. पण एका बाईला माईकवरून सगळ्यांसमोर उघडं पाडायचं, तिच्या नवऱ्याच्या शेवटच्या श्वासाला गैरवापर म्हणायचं, आणि मग दार उघडं ठेवून म्हणायचं, या ना, कुणी अडवलंय. ही युक्ती मी पुढे महापालिकेच्या ऑफिसात आणि बिल्डरांच्या केबिनमध्येही पाहिली. पण पहिल्यांदा देवळात पाहिली.

आई अजूनही पप्पांबद्दल सांगते, ते खुर्चीवर बसले न्हाय, टेकले. बिशप टेकतो तसेच. ती हे दर वेळी सांगते, जणू एवढं पटलं की सगळं मिटेल. मी आता तिला म्हणते, आई, ते बसले असते तरी काय? आडवे झोपले असते तरी काय? दमलेल्या माणसासाठीच खुर्ची असते ना? तूच मला सांगितलं होतंस, दम घेतोय, लांबून आलाय. तिला तेवढं बोलवत नाही. ते बोलायला मी आहे.

गेल्या पावसाळ्यात ती आजारी पडली. बरी झाली, पण तापात एक बोलली ते परत घेत नाही. "मना म्येल्यावर आत न्हेऊ नका. क्रुसाकरनंच वलवा." म्हणजे क्रुसापासूनच थेट दफनभूमीकडे. मी म्हटलं, "असं कसं? मिस्सा नको?" ती म्हणाली, "मिस्सा मना भायेर आयकू येते." तिला राग नाही. राग असता तर मी तिची समजूत काढली असती. तिला आता हेच खरं वाटायला लागलंय की तिची जागा बाहेर आहे.

म्हणून हे लिहिलं. त्या रविवारी दुसऱ्या मिस्साला जी माणसं बाकांवर होती, त्यातली बरीच अजून इथंच आहेत. जे नव्हते, ते आज त्याच बाकांवर बसतात. तुम्ही आमच्या देवळातले नसाल तरी चालेल, फादर म्हणतातच की दार सगळ्यांना उघडं आहे.

तर येत्या रविवारी, दुसऱ्या मिस्साच्या सूचनांच्या वेळी, उभे राहा. अडगळीच्या खोलीची चावी मागा. अँप्लिफायर खाली ठेवा. खुर्ची मिटा. फादरना सांगा तिच्यावर पाणी शिंपडायला, तुमच्या डोळ्यांदेखत. चपला काढा, खुर्ची खांद्यावर घ्या, क्रुसापाशी बसलेल्या बाईला द्या आणि तिला आत घेऊन चला. ती जिवंत आहे तोवर.